काढून ठेवलेलं पान

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवा जरा जवळ घ्या आणि हळू बोला, समू आत झोपली आहे.

धाराशिवला डॉक्टरांना दाखवून आम्ही मायलेकी येरमाळ्याला परत आलो होतो. टायफॉइड उतरला, पण पोरीची अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. दोन घास भरवायचे तर घरात महाभारत घडायचं. गाल बसले, फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांशी मी हसून बोलायचे, पण आतून पार भेदरून गेले होते.

एसटीतून उतरलो तर समूनं समोर बोट दाखवलं. हायवेच्या कडेला ‘महांतप्पा बर्गर बार’. बार म्हटलं की आमच्या सासूबाई तोंड फिरवतात, पण तिथं दारूचा थेंब मिळत नाही. पावात बटाट्याची टिक्की, वर शेंगदाण्याची चटणी आणि बसायला मोडीत निघालेल्या एसटीची बाकं. भिंतीशी जुने व्हिडिओ गेम, चांगले कपाटाएवढे उंच. पोरीनं आपणहून काही मागितलं, याच आनंदात मी आत शिरले.

दुपारच होती, पण आभाळ भरून आल्यामुळं आत अंधारलं होतं. गिऱ्हाईक एकही नव्हतं. कोपऱ्यातल्या गेमपुढं स्टुलावर केळीचं पान, त्यावर बर्गर आणि भोवती पाण्याची ओली रेघ. ते पान कुणासाठी आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याही घरी पितरांचं पान असंच निघतं.

“धाकट्या भावाचं हाय, ताई,” महांतप्पा गल्ल्यावरून म्हणाले. “ह्याच मशीनपुढं बसायचा. जेवायलासुदीक उठायचा न्हाय. बसल्या जागीच गेला बघा. म्हणून पयलं पान त्याचं, मग गिऱ्हाइकाचं.”

तेवढ्यात लाईट गेली. पंखा कुरकुरत थांबला. महांतप्पा इन्व्हर्टर बघायला मागं गेले. तळणाचा कोंदट वास एकदम दाटून आला आणि कोपऱ्यात काहीतरी खटखट वाजायला लागलं.

समू त्या गेमपाशी उभी होती. पानावरचा बर्गर दोन्ही हातांत धरून ती खात होती.

मी ओरडायला तोंड उघडलं. पण माझी पोर चावत होती हो... गिळत होती! माझे डोळे भरून आले. त्या क्षणी तिच्या हातातला घास काढून घेणं मला जमलं नाही.

“खा गं बाई...” एवढंच मी म्हणाले.

खटखट चालूच होती. मशीन बंद, काच काळी, आणि खेळायची दांडी आपली आपण हलत होती. समूचा शेवटचा घास संपला तशी दांडी थांबली.

महांतप्पा परत आले. रिकामं पान बघून जागीच उभे राहिले.

“पोरीनं खाल्लं?”

“लहान आहे हो ती. दुसरं पान वाढा ना...”

“दुसरं कुणाला वाढू आता?” त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं पाण्याची रेघ पुसली. “त्यो इथं न्हाय राहिला, ताई. जावा घरी... उजेड हाय तंवर.”

त्या संध्याकाळी समूनं भाकरी मागितली. मी येडेश्वरीला नारळ फोडला, सासूबाईंनी दृष्ट काढली. तेव्हापासून ताट रोज चाटूनपुसून लख्ख. मी स्वयंपाकघरातून वाढत राहायचे आणि मनातल्या मनात देवीचे आभार मानायचे. फ्रॉक मात्र आणखी सैल होत चालला. डॉक्टर म्हणाले, खाते ना? मग लागेल अंगी.

काल मी हातातली कामं टाकून तिच्यासमोर बसले. समूचे दोन्ही हात मांडीवर होते, ओठ मिटलेले. ताटातली भाकरी मात्र एका कडेनं कमी होत होती... सावकाश, घासाघासानं.

समू त्या भाकरीकडे बघत होती.

“आई,” ती हळूच म्हणाली, “मला कवा वाढतीस?”