पोटरीतली हाक

त्या दुपारी मी सासूबाईंची चादर बदलत होते, एवढंच. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या अंथरुणाला खिळलेल्या. वाचा गेलेली, उजवा हात लाकडासारखा. त्या बऱ्या व्हाव्यात म्हणून मी अळणी जेवायचं व्रत धरलं होतं. चादर खोचली आणि माझ्या पोटरीत काहीतरी फडफडलं. मग पापणी लवू लागली, पायाच्या तळव्यात बारीक गुणगुण, जणू फरशीखाली कुठे गिरणी चालू आहे.

"खा अजून अळणी!" नणंद म्हणाली. "देवाने मीठ काय उगाच केलंय, वहिनी?"

डॉक्टरीणबाईंनीही तेच सुनावलं. मीठ कमी, झोप कमी, चहा जास्त, आणि काळजी तर विचारूच नका. यातल्या कशानेही स्नायू उडतात. रक्त तपासलं, नसा पाहिल्या. मोठं काही निघालं नाही. मी हात जोडून व्रत सोडलं. देव समजून घेणारा आहे. चहाही तोडला. पापणी लवायची थांबली, गुणगुण गेली.

पोटरी मात्र उडतच राहिली. आणि तिला ताल होता... दोनदा घाईने, जरा थांबून एकदा. सासूबाई धडधाकट असताना भिंतीवर अशीच टकटक करून मला बोलवायच्या.

मी घाबरले नाही. घरचीच हाक, तिला काय घाबरायचं? पोटरी उडाली की हातातलं टाकून जायचे, "आले हं, आई," म्हणायचे आणि तो लाकडी हात चोळत बसायचे. ओढलेले पडदे, औषधाचा वास, आणि त्यांचा संथ श्वास. हळूहळू बोटांत ऊब आली. मग एका संध्याकाळी ओठ हलले.

"सूनबाई... किती हाका मारल्यास गं."

"मी?"

"माझ्या पोटरीत... दोनदा, मग एकदा. मी त्या तिकडच्या दारापर्यंत गेले होते. तू बोलवत राहिलीस, म्हणून फिरले..."

"आई, मला वाटलं, तुम्हीच..."

मी त्यांचा हात घट्ट धरला. ज्याने कोणी हाक मारली, त्याने माझं माणूस परत दिलं. त्याला भ्यायचं कशाला? तसं म्हणणारही होते. पण लक्षात आलं, माझी पोटरी अगदी शांत होती.

स्वयंपाकघरातून नणंदेचा आवाज आला. "आले, आले..."

ती हात पुसत आली आणि उंबऱ्यातच थांबली. वाकून पोटरी चोळत तिने विचारलं,

"कोणी बोलावलं मला?"