दोन पानांचा केक

सकाळी सकाळी ताईकडे कुणी डोळे पुसत आलं, की बाळूने आपला नाश्ता बुडाला असं समजावं. ताई खासगी तपास करायची आणि पन्नाशीचा हा धाकटा भाऊ तिची गाडी चालवायचा. आजच्या बाई तर बॅग भरूनच आल्या होत्या.

"माझी वहिनी जुन्या पाककृतींच्या पुस्तकांतल्या कृती फोनवर आमच्या महिला मंडळाला पाठवते," बाई म्हणाल्या. "तिचा शंभर वर्षांपूर्वीचा केक सगळीकडे गाजला. काल पुस्तकातली त्याची पानं कुणीतरी फाडली. आळ माझ्यावर. मंडळालाही तसं कळवून मोकळी झाली. आज खरं बाहेर आलं नाही, तर मी भावाचं घर सोडणार."

"कृती सगळ्यांकडे असताना ती कोण कशाला चोरेल?" बाळू वैतागला.

"प्रश्न बरा आहे," ताई म्हणाली. "गाडी काढ."

वहिनीने पुस्तक त्यांच्यासमोर आपटलं. "बघा. मंडळाला मूळ पानाचा फोटो हवा होता. काढायला गेले, तर ही दशा. हिला माझं कौतुक पहिल्यापासून खुपतं."

केकची दोन पानं मुळापासून गेली होती. फोनवरची कृती मात्र एवढीशी होती. एका पानात सहज मावली असती.

"पुस्तक कपाटात असतं?" ताईने विचारलं.

"कसलं कपाट," नणंद म्हणाली. "परवा किटलीच्या वाफेवर धरलं होतं हिने. चिकटलेली पानं अशीच सोडवते. माझा चहा राहिला तो राहिलाच."

"जुन्या पुस्तकांना करावं लागतं ते," वहिनी फणकारली.

तोच केक विकणारा कोपऱ्यावरचा बेकरीवाला आधीच तापलेला होता. "मी कशाला पानं फाडू? केक खपतोय माझा. पण ती कृती लिहिणारा वेडा असणार. अंड्यातला पांढरा भाग फेटा, बलक बाजूला ठेवा म्हणतो, आणि पुढे बलकाचं नावच नाही. कृती पाठवणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणे पुस्तकात आहे तसंच. रोज वाडगाभर बलक उरतो."

बाळूने हात टेकले. "तीन माणसं, तीन गाऱ्हाणी. आणि आपल्या हाती काय, तर बलक."

ताईने ताकास तूर लागू दिली नाही. स्वयंपाकघरात परतल्यावर मात्र ती सरळ वहिनीसमोर बसली.

"बलक बाजूला ठेवायला सांगणारा माणूस तो वापरायलाही सांगतो. म्हणजे कृतीचा मधला भाग गळालाय. दोन पानं चिकटलेली होती, ती कृती उतरवताना तुम्ही एकदम उलटलीत. सुरुवात एका केकची आली, शेवट दुसऱ्याच केकचा. फोटोसाठी पुस्तक नीट करायला गेलात, वाफेवर पानं सुटली आणि चूक दिसली. म्हणून एवढ्याशा कृतीसाठी दोन्ही पानं गेली. चोराला ती कृती फोनवर मिळतच होती. मूळ पान लपवायची गरज फक्त तुम्हाला होती."

वहिनीचा चेहरा उतरला. "एवढ्या लोकांनी वाहवा केली. त्यांना काय सांगू, पुस्तकात असा केकच नाही म्हणून?"

नणंद तिच्याकडे बघत राहिली. "चुकून का होईना, केक तुझा होता. ते सांगायची तुला लाज वाटली. मला चोर म्हणायची नाही वाटली."

बॅग उचलून द्यावी की राहू द्यावी, ते बाळूला कळेना.

"ठेवा ती," नणंद म्हणाली. "मी कुठे जात नाही. आधी ही मंडळाला लिहील. केकचं नंतर, माझं आधी."

वहिनीने फोन हातात घेतला. नणंद तिच्या खांद्यावरून एकेक शब्द वाचत उभी राहिली.