वाघासाठी रिकामी जागा

नियोजन कक्षाच्या भिंतीवर अख्खं जंगल पसरलं होतं. पिवळे ठिपके म्हणजे पर्यटकांच्या जिप्सी, तांबडे ठिपके म्हणजे वाघ. जमिनीत पुरलेले पदकंपमापक वाघाच्या पावलांवरून तो कुठे आहे हे सांगत, आणि ‘व्याघ्रवेध’ नावाची गणकप्रणाली उद्या तो कुठे असेल हेही सांगे. एवढं सगळं असून पर्यटक मात्र मोर आणि माकडं बघून परत जात होते, आणि जाताना फाटकावर शिव्या घालत होते.

नवे संचालक डॉ. अच्युत देवपुजारी वैतागले होते. “वाकुडकर मॅडम, हे यंत्र भाकीत करतं की थट्टा?”

“यंत्र बरोबरच सांगतं, सर,” हेमलता वाकुडकर म्हणाली. सफारीच्या गाड्या कुठून कुठे धावायच्या, हे ठरवणं तिचं काम होतं. “उद्या वाघ तळ्यावर येणार, असं ते सांगतं, आणि तो येणारच असतो. पण आपण पहाटेपासून तळ्यावर गाड्यांची रांग लावतो. मग तो कशाला येईल? आपल्या भाकितामुळेच आपलं भाकीत खोटं ठरतं.”

“म्हणजे माणूस जाईल तिथे वाघ नाही.”

“उलटून बघा, सर. माणूस नसेल तिथे वाघ. आणि माणूस कुठे नसावा, हे तर आपणच ठरवतो.”

हे बोलून ती स्वतःवरच खूश झाली. हुशारी अंगाशी येते ती अशी. देवपुजारी मात्र नकाशावरच्या रिकाम्या जागांवरून बोट फिरवू लागले.

महिन्याभरात जंगलात निर्गंध मचाण उभं राहिलं. काचेची बंद खोली, बाहेर ना वास जाणार, ना आवाज. आत सहा खुर्च्या, कारण हवा शुद्ध करणारं यंत्र सहा माणसांच्याच श्वासाला पुरत होतं. ही मर्यादा हेमलतानंच आखून दिली होती. मचाणात बसायला बडे पाहुणे येत. बाकीच्या जिप्सी साध्या तिकीटवाल्यांच्या. त्यांना ‘व्याघ्रवेध’ अशा वाटांनी धाडायचा की वाघाला एकेक बाजू बंद होत जाई आणि शेवटी मचाणापुढचीच जागा तेवढी निवांत उरे. तिथे वाघ येऊन पाय पसरायचा. हौसेनं आलेले साधे लोक दिवसभर धूळ खात वाघाला पाहुण्यांकडे लोटत होते, आणि वर तिकीटही काढत होते. हेमलताला याची लाज वाटत होती. पण लाज वाटली म्हणून कुणी नोकरी सोडतं का?

तिचे बाबा, वामनराव, जंगलाच्या कडेला नव्या बोरझरीत राहत. जुनी बोरझरी आत होती. उद्यान झालं तेव्हा गाव उठवलं, तेव्हापासून बाबांनी आत पाऊल टाकलं नव्हतं. आता काचबिंदूनं त्यांची नजर चालली होती. वर्ष निघेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. नजर आहे तोवर एकदा वाघ पाहायचा, एवढाच त्यांचा हट्ट.

हेमलतानं त्यांना साध्या जिप्सीतून दोनदा पाठवलं. वाघ दिसणार नाही हे तिला माहीत होतं, तरी पाठवलं. मचाणासाठी शब्द टाकायची तिची हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या फेरीनंतर बाबा ओसरीवर बसून कपाळावरची धूळ पुसत म्हणाले, “माह्या आज्याले साहेब लोकं हाक्याले नेत. डबे बडवत जंगलातून चालाचं, वाघ पुढं साहेबाच्या बंदुकीकडं जाये. जिंदगीभर हाका घातला बुढ्यानं, पण जित्ता वाघ काही दिसला नाही त्याले. आज गाडीत बसल्या बसल्या त्याचीच याद आली.”

हेमलतानं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. “बाबा, पुढच्या वेळी नक्की दाखवते,” ती म्हणाली.

सकाळी ती देवपुजारींच्या समोर उभी राहिली. “सर, मचाणात एक खुर्ची हवी. माझ्या वडिलांसाठी.”

“दिली असती हो. पण मचाणच रिकामं जातंय, बघितलं ना?”

ते खरं होतं. वाघ दिसतो म्हटल्यावर गर्दी वाढली, गाड्या वाढल्या, धूळ आणि गलका मचाणापर्यंत पोचला. जंगलात निवांत अशी जागाच उरली नव्हती. देवपुजारींनी तिच्यासमोरच ‘व्याघ्रवेध’ला विचारलं, आता वाघ खात्रीनं कुठे येईल? नकाशावर जंगलाच्या बाहेर एक चौकोन उजळला. नवी बोरझरी. खाली अट होती, गावात माणूस नसेल तर.

“अहो, मग अडलंय कुठे?” देवपुजारी म्हणाले. “अख्ख्या गावाला मोफत सफारी देऊ. जितक्या जास्त गाड्या आत, तितका वाघ लवकर बाहेर. गुरं चरायला पलीकडे नेऊ. मचाण कडेच्या घरात बसवू.”

कडेचं घर बाबांचं होतं.

“मग सातवी खुर्ची टाका, सर. बाबांना घरातच बसू द्या.”

“सातव्या माणसाचा श्वास यंत्राला झेपत नाही, हे तुम्हीच लिहून दिलंय ना? आणि सहा पाहुणे ठरलेत.”

ती पुढे काहीच बोलली नाही. त्या न बोलण्याबद्दल तिला नंतर फार वाईट वाटलं, पण नंतर वाटून काय उपयोग.

ठरल्या दिवशी गाव नटून निघालं. म्हाताऱ्या बायांनी ठेवणीतली लुगडी नेसली. हेमलता पडद्यासमोर बसली. पिवळे ठिपके जंगलभर पसरले आणि एक तांबडा ठिपका कडेकडेनं बाहेर सरकला. मग मचाणातल्या कॅमेऱ्याच्या चित्रात वाघ आला. बाबांच्या अंगणात शिरला, बाजेखालच्या सावलीत बसला आणि पंजा चाटू लागला. मचाणातले पाहुणे फोटो काढत होते.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. ते हसत होते. “हेमे, वाघ काही दिसला नाही वं. पण आपली जुनी विहीर दिसली. मायची तुळस लावाची जागा दिसली. सारं दिसलं. तुले तिकडं दिसला का वाघ?”

“नाही, बाबा.”

“जाऊ दे. आता घरी येतो, दमलो.”

मागे उभे असलेले देवपुजारी तिच्या कानाशी वाकले. “त्यांना एवढ्यात परत आणू नका. माणसं आली की वाघ उठेल. उद्याही पाहुणे आहेत, परवाही. जंगलाच्या पलीकडे तंबू ठोकलेत, गाड्या तिकडेच वळवल्यात.”

“किती दिवस, सर?”

“वाघ तिथे हवाय तोवर.”

फोन अजून चालूच होता. बाबा विचारत होते, “हेमे, गाडी दुसरीकडंच चालली वं. ड्रायव्हरले सांग ना, आपलं घर इकडं आहे म्हणून.”