गंजीवरचा कळप

त्या दिवशी दुपारी सिग्ने घराबाहेर पडली ती गंजीभोवतीचं कुंपण तपासायला. रोजचंच काम. पिकअपच्या मागे तारेचं वेटोळं, पक्कड, बाबांची रायफल आणि जुने हातमोजे. शेजारी बाबा, ऑरिन हॉगेन, मांडीवर थर्मास घेऊन बसले होते. तीनच वाजले होते, पण खोऱ्यात धुकं असं दाटलं होतं की कुंपणाचा पुढचा खांब अगदी जवळ गेल्यावरच दिसायचा. वर कुठेतरी डोंगराच्या अंगाने वारा सारखा येरझारा घालत होता. खाली मात्र पान हलत नव्हतं.

"आज सहावा दिवस," बाबा म्हणाले.

"पाचवा."

"विद्यापीठात पाचवा असेल. गंजीला विचार."

चार वर्षं दूर पूर्वेला, समुद्रकाठच्या शहरात, रानातल्या जनावरांचं शास्त्र शिकून सिग्ने शरदात मोंटानाला, घरी परतली होती. एल्कांचा उपद्रव खोऱ्याला नवा नव्हता. सांबराहून थोराड ती हरणं बर्फ पडलं की डोंगर उतरून यायची आणि उन्हाळाभर राबून कापलेल्या, वाळवलेल्या लसूणघासाच्या गंज्या फस्त करायची. हॉगेनांच्या ऐंशी गाईंना एप्रिलपर्यंत त्या एका गंजीवर निभवायचं होतं. गंजी गेली की गाई विकायच्या, आणि गाई गेल्यावर बाबा त्या जमिनीवर राहून करणार काय?

बाबांनी तीन माद्या मारायचा परवाना काढला होता. सिग्नेने तो फ्रिजवर चुंबकाखाली डकवला आणि पाच दिवस मागून घेतले. एकही गोळी न झाडता गंजी वाचते हे तिला सगळ्या खोऱ्याला दाखवून द्यायचं होतं. या विषयावर बोलताना तिचे कान लाल व्हायचे. "हे खोरं त्यांचंही आहे, बाबा."

"मग पाटी लाव," बाबा म्हणाले होते. "कृपया खाऊ नये."

पाटीऐवजी तिने आठ फुटी जाळ्या लावल्या, फाटकाला साखळी घातली. रोज सकाळी साखळी जशीच्या तशी असायची, जाळीबाहेरच्या बर्फावर खुराचा एक ठसा नसायचा, आणि आतून गंजी खाल्लेली असायची. जणू कळप आतच उगवत होता.

फाटकाजवळ शेजारचा डेल प्रुइट त्याच्या गाडीला टेकून उभा होता. एरवी लांबूनच टोमणा मारणारा माणूस, आज त्याने नुसता हात वर केला.

"आत आहेत," तो हळूच म्हणाला.

"साखळी तर लागलेली आहे, डेलकाका."

"तेच म्हणतोय मी."

सिग्नेने कान दिला. ओल्या केसांचा उग्र दर्प येत होता, आणि धुक्यातून एकच आवाज... चावण्याचा. चाळीसेक जबडे एका लयीत चावत होते. खूर वाजत नव्हता, एकमेकींना घातलेली साद नव्हती. ती जाळीला नाक लावून उभी राहिली तेव्हा आकार दिसले. गंजीचा एका बाजूचा तिसरा हिस्सा उरलाच नव्हता.

ती पिकअपकडे गेली आणि रायफल घेऊन परत आली. बाबांनी हात पुढे केला, तसा तिने मानेनेच नकार दिला.

"पद्धत माझी फसली. निस्तरणारही मीच."

बार झाला. गंजीच्या कडेची मादी गुडघ्यांवर आली आणि आडवी झाली. बाकीच्यांनी माना वर करून पाहिलं, आणि पुन्हा खायला सुरुवात केली.

"पळत का नाहीत?" डेलने विचारलं.

साखळी काढून तिघं आत गेली. लग्नमंडपात माणसं वाट देतात तसा कळप जरासा बाजूला सरला, तेवढंच. एल्काच्या वरच्या जबड्यात दोन गोल, गुळगुळीत दात असतात. त्या मुलखात त्यांना हस्तिदंत म्हणतात, आणि ज्याची गोळी असेल त्याने ते स्वतः काढायचे असा रिवाज आहे. सिग्नेने गुडघ्यावर बसून मेलेल्या मादीचा ओठ वर केला.

दात नव्हते. दोन्हीकडे खड्डे, आणि त्यांवर केव्हाच भरून आलेली गुलाबी हिरडी.

"दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली असेल," डेल म्हणाला. पण त्याचं त्यालाच हसू आलं नाही.

बाबांनी हातमोजा काढला. मादीच्या मानेवरच्या दाट केसांत बोटं घालून ते काहीतरी चाचपत राहिले. एका जागी बोटं थांबली.

"ही माझी आहे."

"म्हणजे?"

"तू झालीस त्या वर्षीची. गोळी इथूनच आत गेली होती. दात मी काढले... तुझ्या आईच्या कानांत होते ते."

"बाबा, ती जखमी होऊन निसटली असेल. जनावरं वाचतात कधीकधी."

"निसटली?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "अगं, सबंध हिवाळा आपण तिला खाल्लं."

डेल दोन पावलं मागे सरला. "ऑरिन, मी गाडी चालू करून ठेवतो," एवढं बोलून तो फाटकाबाहेर गेला. थोड्या वेळाने धुक्यात त्याचे दिवे लागले.

"हिला सोलायची नाही. पोट उघडू नकोस तिचं," बाबा म्हणाले. "चल इथून. खाऊ दे त्यांना."

"आणि गाई?"

बाबा हातमोजा पुन्हा चढवायला बघत होते, पण अंगठा सापडत नव्हता. सिग्नेने त्यांचा असा हात कधी पाहिला नव्हता. पाच दिवस जी कळकळ तिला एल्कांच्या बाजूने बोलायला लावत होती, तीच आता दुसरीकडे वळली. बाबांना ती या जमिनीवरून उठू देणार नव्हती, मग समोर काहीही उभं असो.

"परवाना तिघींचा आहे," ती म्हणाली.

पुढच्या दोघींना तिने दहा पावलांवरून मारलं. दुसरी तिच्याकडे बघत होती आणि बार होईपर्यंत चावत होती. या दोघींचे ओठ सिग्नेने वर करून पाहिले नाहीत.

तिसऱ्या बारानंतर चावणं थांबलं. एकदम, सगळ्यांचंच. एकामागून एक एल्क उघड्या फाटकातून बाहेर पडले. मात्र ते डोंगराकडे वळले नाहीत. ते पलीकडच्या वावरात गेले, जिथे हॉगेनांच्या गाई धुक्यात उभ्या होत्या. प्रत्येक एल्क एकेका गाईसमोर जाऊन थांबला, नाकाला नाक लावून. मग तिथून पुढच्या गाईकडे. नव्या वासराला हुंगावं तसं, सावकाश. एकही गाय जागची हलली नाही.

"काय करतायत ते?" बाबांनी कुजबुजत विचारलं.

"वास घेतायत," सिग्ने म्हणाली. तिच्या पुस्तकांत याहून वेगळं काही नव्हतं.

ऐंशी गाई झाल्या. मग कळप डोंगराच्या दिशेने चढला आणि धुक्यात मिसळून गेला.

सकाळी आभाळ लख्ख होतं. गंजीची काडी हललेली नव्हती. तिन्ही माद्या पडल्या तिथेच थिजून कडक झाल्या होत्या. रात्रभर टक्क जागी असलेली सिग्ने ते पाहून पहिल्यांदा मोकळा श्वास घेऊ शकली. उरलेलं गवत जपून घातलं तर एप्रिल गाठता येणार होता. तिने बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि तेही थोडंसं हसले.

ट्रॅक्टरमागची ट्रॉली गवताने भरून ते वावरात शिरले. एरवी इंजिनाचा आवाज ऐकताच गाई धावत यायच्या. आज एकही आली नाही. सगळ्या एका ओळीत, डोंगराकडे तोंड करून उभ्या होत्या.

सिग्ने कवळाभर गवत घेऊन पॉलीजवळ गेली. पॉलीला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. हाक न मारताही मागे यायची ती. पण आता पॉलीने गवतावरून नाक फिरवलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. तिच्या कुशी खपाटीला गेल्या होत्या.

"तोंडात तार-बीर अडकली असेल," बाबा ट्रॅक्टरवरून म्हणाले. "बघ जरा हात घालून."

सिग्नेने डाव्या हाताने पॉलीचं डोकं कुशीत धरलं आणि उजवा अंगठा तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवला. गाईला वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, नुसती टणक हिरडी असते, हे तिला पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. अंगठा त्या हिरडीवरून पुढे गेला आणि थांबला.

काहीतरी गोल होतं. गुळगुळीत, गरम, पक्कं रुजलेलं. तिने अंगठा दुसऱ्या बाजूला नेला. तिथेही होतं.

"काय गं, काय आहे?" बाबांनी विचारलं.

ती सांगणार होती. पण तेवढ्यात तिच्या हाताखाली पॉलीचा जबडा हलू लागला, आणि मग रांगेतल्या सगळ्या गाई एका लयीत चावू लागल्या. गवत अजून ट्रॉलीतच होतं.