तिसरी राणी आणि फाटकापाशी साचलेली थंडी

पहिली राणी मेली तेव्हा हौसाक्का काही बोलली नाही. दुसरी मेली तेव्हा मात्र तिने कुणालाच सोडलं नाही. नातीला बोलली, सायकलीला बोलली, फोनवर असलेल्या लेकाला बोलली आणि सगळ्यात जास्त बोलली ती डब्याला.

"पोटात ऊब घेऊन फिरतोस ना रे? मग माझी राणी गारठून मेली कशी?"

"तपासतो आहे," डबा म्हणाला.

"तपास, तपास. तोवर ती काही उठून बसायची नाही."

राणी म्हणजे राणीमाशी. मधमाशांच्या पेटीत हजारो माशा असतात, पण अंडी घालते ती एकटी राणी. ती नसली की नव्या माशा जन्मत नाहीत, जुन्या मरत जातात आणि दोनेक महिन्यांत पेटी रिकामी होते. कुरणवाडीच्या हौसाक्काचं कामच अशा राण्या वाढवून देण्याचं. तिची शाळा दुसरीतच सुटली, पण राणी कशी वाढवायची ते शिकायला शेतकी कॉलेजची पोरं तिच्या अंगणात येऊन बसायची. "चाळीस वर्षांत माझी एक राणी वाटेत मेलेली नाही," हे ती आल्यागेल्याला सांगायची, कुणी विचारलं नाही तरी.

आणि आता दोन मेल्या होत्या. दिवाळीआधी तयार केलेल्या तीन जादा राण्यांतली एकच उरली होती. थंडीत नवी तयार होत नाही, कारण तिला लागणारे नर त्या दिवसांत पेटीत नसतात. होळीपर्यंत थांबावं, तर पठारावरची दिगूची, म्हणजे हौसाक्काच्या धाकट्या लेकाची, राणी नसलेली पेटी तोवर संपलेली असणार. त्यात खालच्या आळीत कुजबुज सुरू झाली होती की अक्काच्या राण्यांत आता पूर्वीचा दम राहिला नाही. हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं.

ही गोष्ट आपल्या काळाच्या जरा पुढची. तेव्हा फुलोऱ्याच्या महिन्यांत पठारावर मोटारीला बंदी होती आणि उडत्या यंत्रांनाही बंदी होती, कारण त्यांच्या घरघरीने माशा बिथरायच्या. फक्त सायकल चालायची, आणि तीही सकाळीच. ओढ्यावरच्या पुलाजवळ वनखात्याचं फाटक होतं. ते सातला उघडायचं आणि आठला बंद व्हायचं. उशीर नको म्हणून तेरा वर्षांची नात शर्वरी साडेसहालाच तिथे जाऊन उभी राहायची. घरापासून तीव्र उतार, ओढ्याकाठचा कच्चा रस्ता, फाटक आणि मग अकरा वळणांचा घाट. कडाक्याच्या थंडीत ती हा रस्ता दोनदा चढून गेली होती. दोन्ही वेळा दिगूकाकाने राणीचा काड्यापेटीएवढा पिंजरा उघडला आणि नुसती मान हलवली.

डबा हा यंत्रमानव होता, पण त्याला ना हात ना पाय. जेवणाच्या डब्याएवढा, सायकलच्या हँडलवर बसवलेला. त्याच्या पोटात गरम होणारा एक खण होता. बॅटरी लहान. फेरी दीड तासाची आणि ऊब पुरायची चाळीस मिनिटं.

"मग ती चाळीस मिनिटं तू कुठे खर्च करतोस, ते सांग," हौसाक्का म्हणाली.

"जिथे सर्वांत जास्त थंडी असेल तिथे. जसजसं वर जावं तसतशी हवा थंड होते, दर शंभर मीटरला साधारण अर्धा ते पाऊण अंश. आपलं घर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच. पूल सातशे ऐंशी, पठार साडेबाराशे. म्हणजे सर्वांत थंड पठार. म्हणून मी घाटाच्या पायथ्यापासून खण तापवू लागतो."

"आणि बाहेर खरंच किती गार आहे, ते?"

"माझा तापमापक (किती गरम, किती थंड ते मोजणारं साधन) खणाच्या आत आहे. बाहेरचं मी गणिताने काढतो."

"म्हणजे दारं-खिडक्या लावून घरात बसायचं आणि बाहेर ऊन आहे म्हणून सांगायचं. शाबास."

शर्वरी चुलीपाशी हात शेकत बसली होती. "आजी, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फाटकाशी माझी बोटं बधिर होतात. ब्रेक दाबला की नाही तेही कळत नाही. आणि घाटात मी जॅकेट काढते."

"त्याचं कारण मी तेव्हाच दिलं होतं," डबा म्हणाला. "उतारावर जोराचा वारा लागतो. तो अंगाभोवतीची ऊबदार हवा पळवून नेतो, म्हणून जास्त गार वाटतं. चढावर पाय काम करतात, म्हणून गरम होतं. हवा किती थंड आहे हे त्यावरून ठरत नाही."

डबा बोलत होता ते खोटं नव्हतं, म्हणून तर शर्वरी त्या दिवशी गप्प बसली होती. हौसाक्काला मात्र ते पटेना.

"काय गं, फाटक उघडेपर्यंत तू काय करतेस?"

"उभी असते. अर्धा तास."

"मग उभ्या माणसाला कसला आलाय उताराचा वारा?"

डबा म्हणाला, "हा मुद्दा माझ्याकडे नव्हता."

"मुद्दा नव्हता, पण पोरगी होती ना समोर? तिला विचारायला काय झालं होतं?"

बोलता बोलता हौसाक्का स्वतःच थांबली. ओढ्याकाठी तिचा एक तुकडा होता. तिथला घेवडा दर पौषात करपायचा, पानं उकडल्यासारखी काळी पडायची. घराच्या वरच्या अंगाचा घेवडा मात्र हिरवागार राहायचा. शेवटी तिने खाली घेवडा लावणंच सोडलं होतं. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर असताना आपण दोन राण्या त्याच ओढ्याकाठी अर्धा अर्धा तास उभ्या ठेवल्या. तिला डब्याचा आला नव्हता एवढा स्वतःचा राग आला, आणि तोही तिने डब्यावरच काढला.

"खाली गारठा जास्त असतो रे, ठोकळ्या. वर नाही, खाली. माझा घेवडा सांगतोय."

"घेवडा करपण्याची कारणं बरीच असू शकतात," डबा नम्रपणे म्हणाला. "माती, पाणी, कीड. बाकी सगळं सारखं ठेवून फक्त जागा बदलली, तरच जागेचा परिणाम कळेल."

हौसाक्का उठली आणि फडताळातून एकसारख्या चार स्टीलच्या वाट्या काढून आणल्या. "ह्या घे. सगळ्यांत एकाच हंड्यातलं पाणी, बोटाच्या दोन पेरांएवढं. रात्रभर उघड्यावर ठेवायच्या, झाडाखाली नाही. आता हे तरी सारखं आहे की नाही?"

"उत्तम प्रयोग आहे," डबा म्हणाला.

"हरवल्या तर तुझ्याकडून भरून घेईन."

फाटक दुसऱ्या दिवशीच उघडणार होतं, म्हणून शर्वरी सकाळी दोन वाट्या आणि पाण्याची बाटली घेऊन तोच घाट तिसऱ्यांदा चढली, या वेळी राणीशिवाय. संध्याकाळी दिगूने एक वाटी पठारावर ठेवली आणि एक सातव्या वळणावर. तिसरी पुलाजवळ, चौथी घराच्या अंगणात.

त्यापुढच्या पहाटे हौसाक्का शाल गुंडाळून स्वतःच खाली निघाली. शर्वरी सायकल हातात धरून बरोबर होती. अंगणातल्या वाटीत पाणीच होतं. आभाळ स्वच्छ, वाऱ्याची झुळूकही नाही. खाली दरीत मात्र धुकं काठोकाठ भरलं होतं, वरून अगदी सपाट. उतरता उतरता त्या धुक्यात आधी पाय गेले, मग कंबर, मग डोकं. हौसाक्काचे दात वाजू लागले. पुलापाशी वाटीत तिने बोट घातलं, तर ते टणकन् आपटलं. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

तिने दिगूला फोन लावला. "वाट्या बघितल्यास?"

"दोन्हीत पाणी आहे, आई."

"झोपेत बघू नकोस. बोट घाल."

"बोट घालूनच सांगतोय. सातव्या वळणावर तर मला स्वेटरही लागला नाही."

हौसाक्काने फोन ठेवला आणि डब्याकडे बघितलं.

"मान्य आहे," डबा म्हणाला. "माझं गणित इथे चुकलं. आता कारण सांगू?"

"सांग, पण लवकर. पाय गोठलेत माझे."

"दिवसा ऊन जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. म्हणून बहुतेक वेळा वर जाताना गारवा वाढतो, माझा नियम तिथपर्यंत बरोबर आहे. पण रात्री ऊन नसतं. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. याला प्रारण म्हणतात (मध्ये काही न लागता उष्णता दूर जाणं, जशी शेकोटीची धग लांबूनही लागते). ढग असले तर ते बरीचशी उष्णता परत खाली पाठवतात. आकाश निरभ्र असलं की जमीन भराभर गार होते आणि तिला लागून असलेली हवाही."

"मग ती डोंगरावरही होत असेल," शर्वरी म्हणाली. "तिथेही जमीन आहेच की."

"होते ना. पण गार हवा आक्रसते, दाट होते, म्हणून जड होते. आणि जड झालेली हवा उतारावर थांबत नाही."

"घसरते," हौसाक्का म्हणाली. "पाण्यासारखी. सगळ्या डोंगराची गार हवा रात्रभर घसरत इथे येऊन साचते, आणि वर तिच्या जागी कमी गार हवा येते."

"अगदी हेच. याला तापमान विपरीतता म्हणतात (नेहमीच्या उलट, खाली थंड आणि वर ऊबदार अशी हवेची मांडणी). वारा सुटला की ती मोडते, ऊन चढलं की विरते."

"आणि बरोबर अशाच वेळी आम्ही इथे राणीला घेऊन फाटकाशी रांग लावतो. थंडीच्या डोहात गळ्यापर्यंत." हौसाक्काचा आवाज चढला. "आणि तू तिला गारठवून झाल्यावर घाटात शेकायला लागतोस. मेलेल्या राणीला शेकत नेलंस रे दोनदा."

डब्याने खण तापवायची नवी वेळ मांडायला घेतली.

"मी पिंजरा जॅकेटच्या आतच घेते ना," शर्वरी म्हणाली.

"चढाला घाम येतो तुला. घामाच्या वासाने सोबतच्या माशा बिथरतात. पिंजरा डब्यातच राहू दे, फक्त याला आता जागा कळली."

पुढच्या सकाळी पिंजरा खणात गेला. राणी आणि तिला भरवायला सहा माशा. डब्याने खण घरापासूनच तापवायला घेतला. उताराची पाच मिनिटं, फाटकाशी अर्धा तास, आणि घाटाच्या तिसऱ्या वळणापर्यंत पाच. तिथे धुक्यातून डोकं बाहेर येतं, तिथे ऊब बंद. चाळीसला चाळीस.

हौसाक्का अंगणात उभी राहिली. शर्वरी धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. सात वाजून गेले तरी पलीकडच्या घाटात लाल जॅकेट दिसेना. हौसाक्का दोनदा घरात जाऊन आली, कोंबड्यांना ओरडली, वनखात्याच्या घड्याळाचा उद्धार केला. मग तिसऱ्या वळणावर लाल ठिपका वर आला. थांबला, जॅकेट काढून कमरेला बांधलं आणि परत चढू लागला.

नऊ वाजता फोन आला.

"आई, चालतेय."

"चालतेय म्हणजे कशी? नीट, की पाय ओढत?"

"भराभर. पिंजऱ्याच्या जाळीला आतून धडका देतेय. आणि बाहेरून पेटीतल्या माशा तिला चाटतायत."

"चाटणारच. राणी कुणाची आहे," हौसाक्का म्हणाली आणि तिने कोंबड्यांना दोन मुठी दाणे जास्तीचे टाकले.

तीन दिवसांनी दिगूने पिंजरा उघडून राणीला पेटीत सोडलं. आठवड्याने त्याने पोळ्याचा फोटो पाठवला. प्रत्येक घरात एक पांढरं अंडं, सुईच्या टोकाएवढं. शर्वरीने तो फोटो मोठा करून खालच्या आळीच्या चावडीवर चिकटवला. कुणी सांगितलं म्हणून, ते हौसाक्का कबूल करत नाही.

त्या संध्याकाळी डब्याने विचारलं, "पलीकडच्या खोऱ्यात ओढा नाही, मोठं तळं आहे. तळ्याचं पाणी सावकाश थंड होतं. तिथेही थंडी खोऱ्याच्या तळाशीच साचत असेल का?"

शर्वरीने आजीकडे बघितलं. हौसाक्काने बराच विचार केला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

शर्वरीने हे वाक्य तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती उठली आणि भिंतीवरच्या नकाशात तळ्याकडे जाणारा रस्ता शोधू लागली. सोळा वळणं होती.

"रविवारी जा," हौसाक्का म्हणाली. "आणि त्याआधी या ठोकळ्याला बाहेरून एक तापमापक बसवून घे. प्रत्येक खोऱ्यात मी कुठवर चालत येऊ?"