हातात काच असताना

आत्याच्या मते त्या पोराला वळण म्हणून नव्हतंच. विद्यापीठात भाचीची कचेरी शोधताना ती चुकून काचेच्या कार्यशाळेत शिरली, दारातून दोनदा विचारलं, "नोकरभरतीचा विभाग कुठे रे?" – आणि हा पठ्ठ्या पाठ फिरवून कसल्याशा नळीत फुंकत उभा! हूं नाही की चूं नाही.

"तोंड काय नुसतं फुंकायला दिलंय त्याला?" घरी येऊन तिने भाचीपुढे तोफ डागली.

भाची गालात हसली. "अगं, काच तापलेली असताना मान वळवली की भांडं वाकडं होतं. प्रयोगशाळांची सगळी काचभांडी तोच घडवतो."

"तुला गं काय ठाऊक?"

"त्या जागेची जाहिरात मीच काढली ना... जुने कारागीर निवृत्त झाले. हा रोजंदारीवर आहे. जागा मिळाली तर राहील. नाहीतर – जाईल दुसऱ्या गावाला."

शेवटचं वाक्य जरा जास्तच हळू आलं. आत्याने कान टवकारले.

मुलाखतीच्या दिवशी भाची डबा विसरली. विसरली कसली, आत्यानेच तो तिच्या पिशवीतून काढून ठेवला होता! डबा घेऊन ती निघाली ती थेट त्या कार्यशाळेच्या दाराशी... आणि तिथेच थबकली.

निळ्या ज्योतीत धरलेली नळी आधी लाल झाली, मग केशरी, मग मधासारखी लवली. पोराने टोकाला ओठ लावले. हलकीशी फुंकर... आणि त्या वितळत्या काचेत एक फुगा उमलला, पातळ, गोल, खिडकीतला सगळा उजेड पोटात घेतलेला. आत्याचा श्वास छातीतच राहिला. फुंकरीने तिने विस्तव फुलवला होता, दूध निववलं होतं, भाचीच्या खरचटलेल्या गुडघ्याची आग शमवली होती. फुंकरीतून असंही काही जन्माला येतं?

ज्योत विझवून तो वळला. "काकू, त्या दिवशी नोकरभरतीचा विभाग विचारणाऱ्या तुम्हीच ना? खिडकीच्या काचेत दिसला होतात. माफ करा हं, हातात काच होती. चला, मीही तिकडेच निघालोय. मुलाखत आहे."

बंद दाराबाहेरच्या बाकावर दोघं बसतात न बसतात तोच दार उघडलं. भाची बाहेर आली, कानापर्यंत लाल झालेली, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"तुम्ही बाहेर?" तो गडबडला. "समितीचं कामकाज तुम्हीच लिहिता ना? तुम्ही आत असाल म्हणून तर धीर होता..."

"नियम आहे. अध्यक्ष आधी सगळ्यांना विचारतात, उमेदवारांत कुणी तुमच्या जवळचं आहे का? असेल त्याने उठून बाहेर जायचं."

"मग?"

"मग काय... उठले."

"पण आज उमेदवार तर – मी एकटाच आहे."

तिने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "माहीत आहे मला."

तो मुलाखतीचं पत्र उलटं धरून वाचायला लागला. आत्या भाचीकडे बघतच राहिली. कालपर्यंत झुरळाला घाबरणारी ही पोर, एवढ्या मोठ्या माणसांत उभी राहून असं सांगून आली?

आतून त्याला हाक आली. तो उठला, भाचीकडे बघत नुसता उभा राहिला.

"ए काचवाल्या!" आत्या कडाडली. "जागा मिळो न मिळो, मला तू पसंत आहेस. पण माझी पोर साहेबांसमोर बोलली, आणि तू अजून मुका? थांबतील ते घटकाभर. आता काही हातात काच नाही तुझ्या – बोल की, मेल्या!"