कडुनिंबाखालचा कर्णा

ऋतुराजची नि माझी पहिली भेट झाली ती बिडीवरून. आणि बिडी माझ्या बापाची होती!

शहरात, सिडकोतल्या सभागृहात मेंढपाळांचा मेळावा होता. पाचोडजवळच्या आमच्या वस्तीवरची मी पहिली जनावरांची डॉक्टर, म्हणून भाषण माझं. बाबांनी जन्म मेंढरांमागं काढला. त्यांनी ते भाषण ऐकावं, एवढीच माझी हौस. आणि बाबा गेटवर रखवालदाराशी हुज्जत घालत होते.

"दोन घंटे बिडीबिगर जमतंय व्हय? दिपाली, मी चाललो गाडीनं माघारी!"

माझे डोळे भरून आले... तेवढ्यात खांद्यावर वायरींचं भेंडोळं घेतलेला एक उंच मुलगा मध्ये पडला. साउंडवाला ऋतुराज.

"काका, आत धूर नाय चालायचा. पण मागं कडुनिंब आहे. चला, सतरंजी टाकतो."

त्यानं सतरंजी टाकली, थोटकांसाठी वाळूचं घमेलं ठेवलं आणि फांदीला चक्क कर्णा बांधला.

"इथं ऐकू येईल?" मी विचारलं.

"तुम्ही नुसतं बोला. पोचवायचं काम माझं," तो हसून म्हणाला. मी उगाच ओढणी सावरली.

मी बोलायला उभी राहिले आणि दहा-बारा फेटे मागच्या दारानं कडुनिंबाकडं सटकले. तरी मी बोलत राहिले. शेवटी "काही शंका?" म्हटलं. अन् एकदम बाबांचा आवाज घुमला. ऋतुराजनं दुसरा माइकच बाहेर नेला होता!

"डॉक्टरीणबाई, मी त्रिंबक. गाभण मेंढीला लस चालंल का?"

घरी 'ए दिपे' म्हणणारा माझा बाप! मी मेंढीचे महिने विचारले, त्यांनी सांगितले; मग लस कधी टोचायची ते मी सांगितलं. भर सभेत आम्ही बापलेक पहिल्यांदाच एवढं बोललो.

मेळावा संपल्यावर मी ऋतुराजला गाठलं. "तुमचे आभार कसे मानू? तुम्ही पण ओढता का?"

"नाय. आमचे बाबा ओढायचे. ताईच्या लग्नात ते गेटबाहेर होते... आत अक्षता पडल्या, त्यांना कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून मी एक कर्णा बाहेर लावतोच."

या माणसासाठी जीव कळवळला, तिथंच, त्या क्षणी.

"पुढच्या मेळाव्याला तुम्हीच या," मी कसंबसं म्हटलं.

"मेळाव्यालाच?" वायर गुंडाळणारे त्याचे हात थांबले.

"नाही... त्याआधी वस्तीवर या. बाबांना भेटायला." मी मान खाली घातली. "ते तुम्हाला नाही म्हणायचे नाहीत. आणि मी तर – नाहीच नाही."